जावाची साखर आणि आपली जकात

श्रोतेहो, साखरेचा इतिहास सांगायचा म्हणजे गोड विषय घेऊन कडू गोष्टी सांगण्यासारखे आहे. चहाच्या पेल्यात चमचाभर साखर घालताना ती कोठून आली, असा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. १९३० च्या सुमारास मात्र त्याचे उत्तर ठरलेले होते, ते म्हणजे जावाहून! ज्या भूमीने जगाला 'शर्करा' हा शब्द दिला, ती भूमी दरसाल सुमारे दहा लाख टन साखर बाहेरून विकत घेत होती.

हे कसे घडले? आपल्याकडे ऊस अमाप होता, पण त्याचा बहुतेक गूळच होई. उलट जावात डच भांडवलदारांनी कारखाने व संशोधनशाळा यांची सांगड घातली होती. तेथे १९२१ मध्ये निपजलेल्या 'पीओजे २८७८' या जातीने उसाचे उत्पन्न झपाट्याने वाढविले. आपल्याकडेही १९१२ मध्ये कोइमतूरला ऊस-संशोधन केंद्र निघाले आणि तेथील 'को २०५' ही जात १९१८ पासून उत्तरेत पसरू लागली. म्हणजे शेत तयार होत होते. कारखाना मात्र परक्या मालापुढे उभा राहू शकत नव्हता.

तशात मंदी आली. जगात साखर इतकी साचली, की १९३१ मध्ये ब्रुसेल्स येथे क्यूबा, जावा व इतर काही उत्पादकांना निर्यात आवरण्याचा करार करावा लागला. त्याच सुमारास आपल्या टॅरिफ बोर्डाने पंधरा वर्षांच्या संरक्षणाची शिफारस केली व १९३२ मध्ये तसा कायदा झाला. परदेशी साखरेवर हंड्रेडवेटला ७ रुपये ४ आणे जकात बसली. वर २५ टक्के अधिभार.

परिणाम विलक्षण झाला. १९३१–३२ मध्ये जेथे तीसेक कारखाने होते, तेथे पाच वर्षांत सव्वाशेहून अधिक झाले आणि जावाची आयात जवळजवळ थांबली. आपल्या महाराष्ट्रातही गुळाचे भाव कोसळल्यामुळे गांजलेल्या माळी बागाईतदारांनी माळीनगरला स्वतःचा कारखाना उभारला, तर रावळगावला वालचंद हिराचंदांनी. पुढे १९५० मध्ये प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे-पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखान्याचा पाया घातला, तोही याच भिंतीच्या आडोशाला वाढलेल्या धंद्यावर.

पण या भिंतीची किंमत कोणी दिली? पहिली दिली आपल्याच गिऱ्हाइकाने. स्वस्त परदेशी साखर त्याला मिळेनाशी झाली. जकातीचे उत्पन्न बुडाले म्हणून सरकारने १९३४ मध्ये देशी साखरेवर अबकारी कर लावला. कारखानदार शेतकऱ्याला नाडतो, अशी ओरड झाली, म्हणून त्याच वर्षी उसाचा किमान भाव ठरविण्याचा अधिकार प्रांतांना द्यावा लागला. एक खांब रोवला की त्याला तीन टेकू लागतात, तशातला हा प्रकार!

दुसरी किंमत मात्र आपल्या दृष्टीआड दिली गेली. १९३० च्या सुमारास जावाचे उत्पादन तीस लाख टनांच्या घरात होते. १९३५ मध्ये ते पाच लाखांवर आले. पावणेदोनशेच्या आसपास चालणाऱ्या कारखान्यांपैकी चाळीसेकच उरले. केवळ आपल्या जकातीमुळे हे झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल; मंदी होती, जपाननेही फोर्मोसाची साखर जवळ केली होती. तरी सर्वांत मोठे गिऱ्हाईक आपणच होतो. डच भागीदारांचा नफा बुडाला याचे दुःख आपण करू नये. पण ज्या गावकऱ्याची भातजमीन कारखान्याने खंडाने घेतली होती आणि जो तोडणीच्या मजुरीवर जगत होता, तोही आपल्यासारखाच परसत्तेखाली पिचलेला माणूस होता.

मग जकात चुकली का? आम्हांला तसे वाटत नाही. ती नसती तर पुढचे कितीतरी कारखाने निघालेच नसते. मात्र १९३७ च्या लंडन करारान्वये ब्रह्मदेशाखेरीज कोठेही समुद्रमार्गे साखर धाडण्यास भारताला बंदी झाली, तेव्हा दार बंद होण्याचा अर्थ आपल्यालाही कळला. जून २०२२ मध्ये घरच्या भावासाठी आपणच निर्यातीवर नियंत्रण आणले, तेव्हा तो बाहेरच्या गिऱ्हाइकांना कळला असेल. जकात ही भिंत आहे, श्रोतेहो. भिंत अवश्य बांधावी, पण तिची सावली पलीकडे कोणाच्या अंगणात पडते, तेही वाकून पाहावे.