१३ हजार डॉलरची चढाओढ

सौदा कल्पित आहे. कायदा, वेळा आणि व्यवहाराची रीत टेक्सासची. तिथे थकलेल्या कर्जापोटी घरांचा लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी १० ते दुपारी ४ दरम्यान होतो. होलसेलर घर स्वतःसाठी घेत नाही. मालकाशी करार करतो आणि तो करार मेहनताना लावून रोखीने घेणाऱ्या गुंतवणूकदाराला विकतो.

२६४ तास आधी (शुक्रवार, सकाळी १०)
डॅलसमधलं घर. लिलावाची नोटीस लागलेली, कर्ज ८२ हजार. दुरुस्तीनंतरची किंमत २ लाख. गुंतवणूकदार लावतो त्या हिशेबाने तिचे ७० टक्के १ लाख ४० हजार. त्यातून दुरुस्तीचे ३५ आणि मेहनतान्याचे १० हजार वजा. ऑफर ९५ हजार. मालक म्हणतो, "दुसरा १ लाख ५ द्यायला तयार आहे." होलसेलर गाडीत बसून दुरुस्ती २५ वर आणतो, मेहनताना ७ वर. सही होते १ लाख ८ हजारांवर.

२४० तास
करार १ लाख १५ हजारांना बाजारात. कुणी विचारत नाही.

१९० तास (सोमवार, दुपारी १२)
एक गुंतवणूकदार येतो. बेडरूमचं दार चौकटीला घासतंय. चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग छताकडे गेलेली. इथली चिकणमाती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि पाया हलवते. तो १ लाख ४० मधून दुरुस्तीचे ३५ वजा करतो. "१ लाख ५. वर एक डॉलर नाही."

१३७ तास (बुधवार, संध्याकाळी ५)
ऑप्शनची मुदत संपते. आतापर्यंत होलसेलरला कारण न देता करार मोडता येत होता. मालकाला दुसरं गिऱ्हाईक शोधायला पाच दिवस मिळाले असते. 'उद्या कुणीतरी येईल' या आशेवर होलसेलर गप्प बसतो.

२२ तास (सोमवार, दुपारी १२)
होलसेलरचा फोन: "९५ ला देता का?" मालक लगेच हो म्हणतो. पण त्या गुंतवणूकदाराने पैसे दुसऱ्या घरात घातलेत.

१७ तास
खरेदीचे कागद पूर्ण करणाऱ्या टायटल कंपनीचं ऑफिस बंद होतं. खरेदी झालेली नाही.

० (मंगळवार, सकाळी १०)
लिलाव सुरू. बोली कर्जाच्या रकमेवरच थांबली, तर मालकाच्या हाती काही येणार नाही. ९५ हजारांत कर्ज फिटून, खर्च जाऊनही चार पैसे उरले असते. होलसेलरचा फार तर इसार बुडेल. ९५ वर अडून राहण्याची गरज त्याच्यापेक्षा मालकाला जास्त होती. कर्ज फिटतं ते शेवटचा गुंतवणूकदार खिशातून काढेल त्या पैशानेच.