कुलाब्याची दोन माणसे आणि एक बाटली

ऑस्ट्रेलियात निवडणूक नेहमी शनिवारी येते. शब्बाथ पाळणाऱ्या घरांना म्हणून पोस्टाने, नाहीतर आधीच्या दिवसांत केंद्रावर जाऊन मत द्यावे लागते. धर्मश्रद्धा हे त्यासाठी सरकारमान्य कारण आहे. पण घरी बसून राहण्याची सोय नाही. देशाच्या निवडणुकीत मतदान १९२४ पासून सक्तीचे आहे आणि चुकविल्यास दंडाची चिठ्ठी घरी येते. म्हणजे वेस्टमीडला राहणाऱ्या आपल्या माणसालाही, त्याची इच्छा असो वा नसो, दर दोन-तीन वर्षांनी पाच-सात अनोळखी नावांपुढे पसंतीचे आकडे लिहावे लागतात. केंद्राच्या फाटकाशी प्रत्येक पक्षाचे लोक कागद घेऊन उभे असतात. कागदावर उमेदवाराचे हसरे छायाचित्र असते. हा माणूस खरा की खोटा, हे त्या छायाचित्रावरून कसे कळावे?

आपल्या वाडवडिलांना हा प्रश्न असा पडला नव्हता. कुलाबा जिल्ह्यातील आपल्या वस्तीत मुकादम असे, त्याच्या हाताखाली चौगुला, धर्मविधींसाठी काजी आणि मशिदीचा पैसा सांभाळायला गबाई. ही माणसे कोणी कागद वाटून निवडली नव्हती. त्यांचे घर, त्यांचे कर्ज, त्यांचे तेलाचे माप, सारे गावाला ठाऊक असे. आपली आडनावेच पाहा ना. पेणकर, दिवेकर, नागावकर, किहिमकर! 'कर' ऐकला की गाव कळे आणि गाव कळला की चौकशी करता येई. मुंबईत आल्यावरही हा धागा तुटला नाही. डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर १९३७ साली मुंबईचे महापौर झाले. महालक्ष्मीहून वरळीकडे जाणाऱ्या रस्त्याला आजही त्यांचे नाव आहे. त्यांना ती खुर्ची आपल्या मूठभर समाजाच्या मतांनी मिळालेली नव्हती, नगरसेवकांनी त्यांना निवडले होते, आणि त्या सभागृहात हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती असे सगळे होते. एवढ्या लहान समाजातल्या डॉक्टराला शहराने पहिला नागरिक म्हणून स्वीकारले, याचा अभिमान आपल्याला वाटतो आणि तो योग्यच आहे.

पण ओळख असली म्हणजे पारख झाली, असे मात्र नाही. त्याच कुलाब्याच्या दोन माणसांची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे.

पहिले चिंतामणराव देशमुख. जन्म १८९६ सालचा, महाडजवळील नाते गावचा. मॅट्रिकला पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली, आय.सी.एस. झाले आणि १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९५० साली नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाब्यातून काँग्रेसतर्फे लोकसभेवर निवडून गेले. सभा गाजविणारा हा गडी नव्हे, पण खात्याचे काम चोख अशी त्यांची ख्याती होती. १९५६ साली मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा बेत झाला. मुंबईत गोळीबारात माणसे मेली होती आणि त्याची न्यायालयीन चौकशी करण्यास सरकार तयार नव्हते. देशमुखांनी राजीनामा दिला. त्यांच्यावर कसलाही आरोप नव्हता, कोणी जा म्हणत नव्हते. देशाची तिजोरी हाती असलेला मनुष्य आपल्या मतदारांच्या बाजूने उभा राहून खुर्ची सोडून गेला. १९६९ मध्ये ते राष्ट्रपतिपदाला उभे राहिले तेव्हा तिसरे आले. लोक आदर करतात, पण आदराला मत देतातच असे नाही!

दुसरे अब्दुल रहमान अंतुले. म्हसळा तालुक्यातील आंबेतचे. नाते आणि आंबेत ही दोन्ही गावे सावित्रीच्या खोऱ्यातली. जून १९८० मध्ये अंतुले मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी कामाचा जो धडाका लावला तो कोकणाने पूर्वी पाहिला नव्हता. निराधारांना दरमहा पैसे देणारी संजय गांधी निराधार योजना त्यांचीच. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. आपल्यापैकी पुष्कळांच्या जन्मदाखल्यावर कुलाबा आणि धाकट्या भावंडांच्या दाखल्यावर रायगड असते, ते यामुळेच.

त्या काळी सिमेंटवर नियंत्रण होते. परवान्यावाचून गोणी मिळत नसे. मुख्यमंत्र्यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान नावाचा न्यास काढला होता आणि ज्या बांधकाम व्यावसायिकांना सिमेंटचा जादा कोटा मिळाला त्यांच्याकडून या न्यासांना देणग्या गेल्या. १९८१ च्या ऑगस्टअखेर अरुण शौरी यांनी 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये हे सारे उघड केले. प्रा. सामंत वगैरे मंडळी उच्च न्यायालयात गेली. १२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी निकाल दिला की देणग्या आणि सिमेंट यांचा संबंध होता. अंतुल्यांना जावे लागले. (हेच लेंटिन पुढे जे. जे. इस्पितळातील विषारी औषधाच्या चौकशीला बसले आणि त्यांनी १९८८ मध्ये कोणाची भीड न ठेवता अहवाल दिला.)

येथे न्यायाने बोलले पाहिजे. फौजदारी खटला पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत हेलपाटे घालत राहिला, १९८८ साली सात न्यायाधीशांच्या पीठाने आधीचाच आदेश चुकीचा ठरवला, आणि अंतुले शेवटपर्यंत दोषी ठरले नाहीत. १९८९ मध्ये कुलाब्याने त्यांना लोकसभेवर पाठवले, २००४ मध्ये पुन्हा पाठवले आणि नंतर ते केंद्रात मंत्रीही झाले. मतदार वेडे होते काय? मला तसे वाटत नाही. निराधार म्हातारीला दरमहा पैसे येत होते आणि त्या पैशांची नोट कोणत्या बिल्डरच्या चेकशी जोडलेली आहे हे तिला दिसत नव्हते. ते न्यायालयाला दिसले, कारण तेथे कोट्याचे कागद आणि देणगीच्या पावत्या शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या. गावाची ओळख जे सांगू शकली नाही ते तारखांनी सांगितले.

आता बाटलीची गोष्ट. न्यू साउथ वेल्समध्ये भ्रष्टाचारविरोधी स्वतंत्र आयोगाचा कायदा १९८८ साली झाला. तो आणणारे मुख्यमंत्री निक ग्राइनर यांना त्याच आयोगाच्या अहवालामुळे १९९२ मध्ये राजीनामा द्यावा लागला. पुढे न्यायालयाने त्यांच्यावरील ठपका काढून टाकला, पण खुर्ची गेली ती गेलीच. २०१४ च्या एप्रिलमध्ये दुसरे मुख्यमंत्री बॅरी ओ'फॅरल आयोगापुढे आले. पाणीपुरवठ्याच्या एका कंपनीच्या प्रमुखाने त्यांना २०११ साली १९५९ ची ग्रेंज वाइनची एक बाटली भेट दिली होती, किंमत सुमारे तीन हजार डॉलर. ओ'फॅरल यांचा जन्मही १९५९ चाच. अशी बाटली मिळाल्याचे आपल्याला आठवत नाही, असे त्यांनी शपथेवर सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच हस्ताक्षरातील आभाराची चिठ्ठी पुढे आली आणि त्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला. आपली किद्दुशची मनुकांची शरबत बरी, तिच्यासाठी कोणाला खुर्ची सोडावी लागणार नाही! मुद्दाम खोटे बोलले, असे आयोगाने मानले नाही. २०२० मध्ये तेच गृहस्थ ऑस्ट्रेलियाचे उच्चायुक्त म्हणून दिल्लीला गेले.

सिमेंटच्या कोट्यांपुढे एक बाटली ती काय, असे आपल्याकडच्या माणसाला वाटेल. मलाही आधी वाटले. पण कोरहच्या पराशाला आपण जे वाचतो ते आठवले. मोशे रब्बेनू म्हणतात की मी यांचे एक गाढवही घेतले नाही. त्याच शब्बाथच्या हफ्तारात म्हातारा शमुवेल साऱ्या इस्राएलपुढे उभा राहून विचारतो की मी कोणाचा बैल नेला, कोणाकडून लाच घेतली, सांगा. गाढव आणि बैल! हिशेब तेथूनच सुरू होतो. मात्र हेही विसरता येत नाही की त्याच शमुवेलने आपल्या मुलांना न्यायाधीश नेमले होते आणि ती मुले लाच घेत होती. ते सांगायला वडीलधारी मंडळी त्याच्या घरी गेली होती. बाप स्वच्छ म्हणून कुटुंबाची चौकशी करू नये, असे त्यांना वाटले नाही.

येथे नवी अडचण आहे. २०२२ मध्ये पॅरामॅटाच्या लोकसभा जागेवर मजूर पक्षाचे अँड्र्यू चार्लटन उभे राहिले तेव्हा ते शहराच्या पूर्व भागातून आलेले, स्थानिक नव्हेत, याचा मोठा गवगवा झाला. तरी ते निवडून आले. आपणही येथे बाहेरूनच आलो आहोत, तेव्हा 'कुठले कर?' हा प्रश्न आपल्या तोंडी फारसा शोभत नाही. त्याऐवजी उमेदवाराने काय भेटी घेतल्या आणि त्या नोंदवल्या का, पक्षाला देणग्या कोणाच्या, हे पाहता येते. या नोंदी लोकांना खुल्या असतात आणि मुलांना त्या संगणकावर काढून देता येतात. आजी-आजोबांनी ते काम नातवंडांकडून करून घ्यावे. निवडणुकीच्या दिवशी देवळात टिळा लावून फोटो काढणाऱ्या उमेदवारापेक्षा त्या नोंदी अधिक बोलतात.

ग्लॅडिस बेरेजिक्लियन यांच्याबाबत मात्र नोंदीही पुरत नाहीत. महामारीत रोज दूरदर्शनवर येऊन धीर देणाऱ्या त्या मुख्यमंत्रीबाई घराघरात लाडक्या होत्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी पद सोडले आणि जून २०२३ मध्ये आयोगाने त्यांचे वर्तन गंभीर भ्रष्ट ठरवले, कारण आमदार डॅरिल मॅग्वायर यांच्याशी असलेले खासगी नाते त्यांनी लपवले होते. पैसा स्वतः खाल्ला, असे कोणी म्हटले नाही. म्हसळ्याकडे अजून अंतुल्यांविषयी जसे बोलतात तसेच इकडे पुष्कळ लोक त्यांच्याविषयी बोलतात, आणि आमच्या घरीही शुक्रवारच्या जेवणावर या बाईंचे नाव निघाले की दोन तट पडतात. माझी पत्नी एका बाजूला, मी दुसऱ्या.