अक्षर, की अक्षराचं चित्र?

आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. संगणकावर बोलायला हा गृहस्थ कशाला उभा राहिला, असं तुम्हाला वाटेल. पण आजचा प्रश्न जुनाच आहे. अक्षर म्हणजे त्याचा आकार, की आकाराच्या मागे असलेलं काहीतरी?

थोडं मागे जाऊ. १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलं. शिळाप्रेसचं पान म्हणजे दगडावरचं एक अखंड चित्र. त्यातला 'क' उचलून दुसऱ्या पानावर ठेवता येत नाही. पुढे १८६९ मध्ये जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला. त्यांचे खिळे देखणे होतेच. शिवाय खिळा सुटा असतो. आज या शब्दात, उद्या त्या शब्दात.

हीच गोष्ट संगणकावर पुन्हा घडली. फोटोशॉप १९९० साली आलं. त्यात अक्षरं लिहून 'ओके' दाबलं, की त्यांचे ठिपके व्हायचे. म्हणजे शिळाप्रेसच की! १९९४ साली लेअर, म्हणजे थर आले. १९९८च्या पाचव्या आवृत्तीत टेक्स्ट लेअर पुन्हा उघडून मजकूर बदलता येऊ लागला. खिळा सुटा झाला. आणि २००३पासून स्क्रिप्टची सोय फोटोशॉपमध्येच मिळू लागली.

स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला लिहून दिलेली कामांची यादी. समजा, शाळेला दोनशे प्रमाणपत्रं करायची आहेत. नमुना एकच, त्यात 'नाव' आणि 'इयत्ता' या नावांचे दोन टेक्स्ट लेअर. स्क्रिप्ट यादीतली एकेक ओळ वाचते, त्या नावाचा लेअर शोधते, त्यातला मजकूर बदलते आणि वेगळी प्रत जतन करते. नाव लांबलचक असेल तर लेअरची रुंदी मोजून अक्षर लहान करायलाही तिला सांगता येतं.

पण बघा, मराठीचं घोडं इथेच अडलं. आपले जुने फाँट बहुधा असे होते, की आत इंग्रजी अक्षरांचे संकेतांक आणि वर मराठी आकार. डोळ्याला 'जानेफळ' दिसे. स्क्रिप्टने विचारलं तर हाती रोमन अक्षरांचा काला येई. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, त्यात देवनागरी होती. त्या हिशेबाने 'जानेफळ' म्हणजे सहा खुणा: ज, काना, न, मात्रा, फ, ळ. 'विद्यार्थी' म्हणजे दहा. पण त्या खुणा नीट जुळवणारी व्यवस्था फोटोशॉपमध्ये बरीच वर्षं नव्हती. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसे, जोडाक्षरं सुटत. म्हणून लोक जुन्या फाँटांनाच धरून राहिले. त्यांना दोष कसा द्यायचा? पत्रिका तर आजच छापायची होती! आता 'वर्ल्ड-रेडी' रचना निवडली की फोटोशॉपमध्ये अक्षरं जुळतात. फुकट मिळणाऱ्या जिंपमध्ये ते काम पँगो करतं, आणि तिथेही स्क्रिप्ट चालतात.

भर्तृहरीने वाक्यपदीयात नाद आणि स्फोट वेगळे मानले. कानावर पडतो तो नाद. ज्यातून अर्थ उमगतो तो स्फोट. आम्ही म्हणू, आकार हा नादासारखा आहे. स्क्रिप्टला डोळे नाहीत, म्हणून तिला आकार दाखवून भागत नाही. अक्षर अक्षर म्हणूनच ठेवलं असेल, तरच तिचा हात तिथवर पोचतो.

तुम्ही म्हणाल, यात गावाचं काय? आपल्या यात्रेचे फलक, शाळेचे निकाल, लग्नपत्रिका, श्रद्धांजलीचे फ्लेक्स, हेच उद्याचे आपले कागदपत्र. त्यांचे लेअर एकत्र करून नुसतं चित्र ठेवलं, तर पन्नास वर्षांनी नातू आजोबांचं नाव शोधील आणि संगणकाला ठिपक्यांतून अंदाज बांधत बसावं लागेल. म्हणून दुकानात बसणाऱ्या तरुण मंडळींना आमची विनंती आहे. छापायला चित्र द्या, पण मूळ फाईल थरांसकट, युनिकोडमध्ये जपून ठेवा. नावांची यादीही यूटीएफ-८मध्ये ठेवा. दगड पुसून पुढचं पान काढण्याचे दिवस गेले. खिळे मोडीत घालू नका, एवढंच.