स्तनातील दुर्मिळ ‘फायलोड्स’ गाठ : पहिली शस्त्रक्रियाच निर्णायक

स्तनात वेगाने वाढणारी, परंतु न दुखणारी प्रत्येक गाठ साधी नसते, तशी ती नेहमीचा कर्करोगही नसते. ‘फायलोड्स’ ही अशीच एक दुर्मिळ गाठ होय. स्तनाच्या एकूण गाठींमध्ये तिचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्यूलर यांनी १८३८ मध्ये तिचे वर्णन केले. कापलेल्या गाठीत पानासारखी रचना दिसते, म्हणून पान या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव पडले.

निदान
ही गाठ बहुधा चाळिशीच्या आसपास आढळते. तरुणींमधील ‘फायब्रोअॅडिनोमा’ या निरुपद्रवी गाठीशी तिचे साम्य असल्याने सोनोग्राफी किंवा बारीक सुईच्या तपासणीत गफलत होऊ शकते. जाड सुईने तुकडा काढून केलेली बायोप्सी अधिक उपयुक्त ठरते. सौम्य, सीमारेषेवरील व घातक असे तिचे तीन प्रकार असून, अंतिम निर्णय संपूर्ण गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच होतो.

उपचार
शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार आहे. सीमारेषेवरील व घातक प्रकारांत गाठीभोवतीचा सुमारे एक सेंटिमीटर निरोगी भागही काढतात. गाठ फार मोठी असल्यास संपूर्ण स्तन काढावा लागतो. हा आजार काखेतील गाठींत क्वचितच पसरतो; त्यामुळे त्या सहसा काढत नाहीत. हार्मोनविरोधी गोळ्यांचा उपयोग होत नाही. किरणोपचाराने घातक गाठ पुन्हा उद्भवण्याचा धोका घटतो; मात्र त्यामुळे आयुष्य वाढते, असे सिद्ध झालेले नाही.

भवितव्य
अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार त्याच जागी गाठ पुन्हा होण्याचे प्रमाण सौम्य प्रकारात सुमारे ८, सीमारेषेवरील प्रकारात १३, तर घातक प्रकारात १८ टक्के आहे. सौम्य गाठीने जिवाला धोका जवळजवळ नसतो. घातक प्रकारातही बहुसंख्य रुग्ण पाच वर्षांनंतर हयात असतात. परंतु आजार रक्तावाटे फुप्फुसात पोहोचल्यास आशा क्षीण होते.

गोंदिया जिल्ह्यातील दवनीवाड्यासारख्या गावातील स्त्रीसाठी याचा अर्थ स्पष्ट आहे. गाठ काढल्यानंतर ती तपासणीस पाठविली गेली आहे, याची खात्री करावी आणि अहवाल जपून ठेवावा. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय येथे कर्करोगाचे विशेष उपचार होतात. पहिली दोन-तीन वर्षे नियमित तपासणी टाळू नये.