जार्डिन घराण्याचा माग मुंबईच्या दप्तरात

चीनच्या व्यापारात गडगंज झालेले स्कॉटिश व्यापारी विल्यम जार्डिन यांच्या घराण्याचा शोध मुंबईला वगळून पुरा होत नाही. १८०५ मध्ये फ्रेंचांनी 'ब्रन्सविक' जहाज पकडले, तेव्हा त्यावरील डॉक्टर जार्डिन आणि प्रवासी जमशेटजी जीजीभाई यांचा स्नेह जुळला. १८३२ मध्ये कँटनला 'जार्डिन, मॅथेसन' पेढी निघाली. जमशेटजी तिला माळव्याची अफू व कापूस पाठवीत. जार्डिन अविवाहितच वारले (१८४३), त्यामुळे वंशावळ पुतण्यांकडून लावावी लागते. पेढीचे दप्तर केंब्रिज विद्यापीठात, तर जमशेटजींच्या पत्रव्यवहाराच्या वह्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. जे. जे. रुग्णालयाच्या या दात्याची संपत्ती कोणत्या मालावर उभी राहिली, हेही त्यांतच वाचायला मिळते.