मुंबईच्या उपनगरांतील हेवी मेटल: जागा, मैफली आणि अल्बम

मुंबईतील हेवी मेटल दक्षिण मुंबईत गाजले, पण वाढले ते मुख्यतः उपनगरांत. त्याचा पहिला मोठा मंच धोबीतलावला होता. त्या मंचासमोर उभी राहणारी मुले मात्र अंधेरी, मालाड, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड अशा ठिकाणांहून लोकलने येत. पुढे मंचच उपनगरांकडे सरकला, जुहू आणि अंधेरीत काही वर्षे स्थिरावला आणि पुन्हा विखुरला. या प्रवासाला दोन गोष्टींनी वळण दिले: मोठ्या आवाजात वाजवण्यासाठी जागा मिळणे आणि स्वतःची गाणी स्वतः ध्वनिमुद्रित करता येणे. जागा एकामागून एक गेल्या, पण अल्बम उरले. म्हणून या संगीताचा इतिहास सांगताना दोन्हींची नोंद बरोबरीने घ्यावी लागते.

हेवी मेटलचा आरंभ साधारणपणे फेब्रुवारी 1970 मध्ये निघालेल्या ब्लॅक सबाथच्या पहिल्या अल्बमपासून मानतात. हा बँड इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरातला. त्याचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यातील अपघातात तुटली होती. तारा दाबताना त्रास होऊ नये म्हणून तो पुढे तारा सैल करून वाजवू लागला. त्यामुळे स्वर खाली गेले आणि तो जड, खोल नाद या संगीताची ओळख ठरला. भारतीय परिभाषेत पाहिले तर मेटलमधील ‘पॉवर कॉर्ड’ म्हणजे षड्ज आणि पंचम यांची जोडी. तिच्यात गंधार नसतो, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरने आवाज कितीही फाटका केला तरी जोडी स्पष्ट राहते. ब्लॅक सबाथच्या पहिल्याच गाण्याची मुख्य स्वरावली षड्ज, वरचा षड्ज आणि तीव्र मध्यम एवढ्यावर उभी आहे. नंतरच्या अनेक मेटल रचना फ्रिजियन सप्तकात बांधलेल्या आढळतात. त्याचे स्वर भैरवी थाटाचेच आहेत. ऐकणाऱ्याला हे संगीत परके वाटले, तरी त्याचे स्वर आपल्या कानाला परके नाहीत.

मुंबईत हे संगीत प्रथम ध्वनिमुद्रिका आणि कॅसेटमधून पोहोचले. काळा घोडा येथील ऱ्हिदम हाउस हे दुकान त्याचे मोठे केंद्र होते. ते 2016 मध्ये बंद झाले. विकत घेतलेली एक कॅसेट मित्रांमध्ये फिरे आणि तिच्या प्रती कोऱ्या कॅसेटवर उतरत. 1991 नंतर उपग्रह वाहिन्यांबरोबर एमटीव्ही आले आणि तोवर केवळ कॅसेटच्या आवरणावर दिसणारे बँड घरात वाजताना दिसू लागले. याच सुमारास आलेल्या मेटालिका या बँडच्या काळ्या आवरणाच्या अल्बमने अनेक मुलांच्या हाती गिटार दिली. वांद्रे, मालाडचे ऑर्लेम, बोरिवलीची आय. सी. कॉलनी या ख्रिस्ती वस्त्यांत गिटार आणि ड्रम्स वाजवण्याची परंपरा आधीपासून होती. चर्चमधील गायन आणि लग्नसमारंभांतील बँड यांमुळे वाद्ये आणि शिकवणारे दोन्ही तिथे सहज सापडत. मराठी, गुजराती आणि दाक्षिणात्य घरांतली मुले पुढे याच वर्तुळात सामील झाली.

1986 मध्ये फरहाद वाडिया यांनी ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू केला. धोबीतलावला सेंट झेवियर्स महाविद्यालयामागे असलेले रंगभवन हे खुले नाट्यगृह त्याचे घर झाले. याच रंगभवनात 1978 पासून ‘जॅझ यात्रा’ भरत असे, त्यामुळे पाश्चात्त्य संगीत तिथे नवीन नव्हते. ‘आय-रॉक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या महोत्सवाने बँडना हजारोंचा श्रोतृवर्ग दिला. सुरुवातीच्या काळात श्रोत्यांना परदेशी बँडची गाणी हवी असत आणि बँडची किंमत ती गाणी किती हुबेहूब वाजवली यावर ठरे. स्वतःची रचना वाजवणे हे धाडस होते. 1990 च्या दशकात हळूहळू चित्र पालटले. 1993 मध्ये सुरू झालेल्या पेंटाग्रामसारख्या बँडने स्वतःची गाणी घेऊन उभे राहता येते हे दाखवले, तर 1998 मध्ये स्थापन झालेल्या सेप्टरने मुंबईत थ्रॅश या वेगवान मेटल प्रकाराची वाट निष्ठेने धरली.

केंद्र शासनाने 2000 मध्ये ध्वनिप्रदूषण नियम आणले. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचे 100 मीटरचे क्षेत्र शांतता क्षेत्र ठरवण्याची तरतूद त्यांत होती. खुल्या जागेत रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत ध्वनिक्षेपकावर बंदी आली. रंगभवनाच्या शेजारी महाविद्यालयही होते आणि रुग्णालयेही. शांतता क्षेत्रात दिवसाची मर्यादा 50 डेसिबल, तर ड्रम्सचा नुसता आवाजच 100 डेसिबलच्या आसपास जातो. काही वर्षांतच रंगभवनातील रॉक मैफली थांबल्या. नियमांत पुढे सवलत आली. वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी मध्यरात्रीपर्यंत परवानगी देण्याचा अधिकार राज्यांना मिळाला, पण ते दिवस मोठ्या सणांनाच पुरत. आजाऱ्यांची शांतता जपणे योग्यच होते. उणीव राहिली ती पर्यायाची: शहराने एक खुला मंच गमावला आणि त्याच्या तोडीचा दुसरा उभा केला नाही.

मेटल उपनगरांत स्थिरावण्याला हे मोठे कारण ठरले. जुहू तारा रस्त्यावरील जुहू हॉटेलमधील ‘रॅझबेरी ऱ्हायनोसेरस’ हा क्लब 2000 च्या दशकात मेटलचा अड्डा झाला. चाहते त्याला नुसते ‘रॅझ’ म्हणत. बंदिस्त जागा, बुटका मंच आणि मंचाला खेटून उभे श्रोते यांमुळे बँड आणि श्रोता यांत अंतर राहत नसे. याच दशकाच्या उत्तरार्धात आय-रॉक महोत्सव अंधेरी पश्चिमेच्या चित्रकूट मैदानावर भरू लागला. पूर्व उपनगरांत पवईच्या आयआयटीचा ‘मूड इंडिगो’ हा महोत्सव आणि त्यातील ‘लाइव्हवायर’ ही बँडची स्पर्धा महत्त्वाची होती. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड या पट्ट्यातील मुलांना दर्जेदार ध्वनियंत्रणेवर वाजणारा बँड घराजवळ ऐकण्याची संधी तिथे मिळे. डिसेंबर 2009 मध्ये पॉर्क्युपाइन ट्री हा ब्रिटिश बँड तिथेच वाजला.

मंचामागे सरावाची व्यवस्था असते. फ्लॅटमध्ये ड्रम्स वाजवता येत नाहीत, म्हणून तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या ‘जॅम रूम’ उपनगरांत निघाल्या. भिंतींना फोम, दाराला जाड पडदा, एक ड्रमसेट, दोन-तीन अ‍ॅम्प आणि घामट हवा असे त्यांचे स्वरूप. ड्रमर पायांखालचा ‘डबल पेडल’ आणि स्वतःच्या काठ्या घेऊन येई. हा पेडल दोन्ही पायांनी चालतो आणि मिनिटाला 200 ठोक्यांच्या लयीतही तळातल्या मोठ्या ड्रमचा अखंड मारा त्याने करता येतो. गिगच्या, म्हणजे छोट्या मैफलीच्या, दिवशी दुपारी गिटारच्या पिशव्या पाठीला लावून मंडळी लोकलच्या डब्यात चढत. संध्याकाळी साउंडचेक होई, चार-पाच बँड एकाच ड्रमसेटवर वाजवत आणि 10 च्या ठोक्याला आवाज बंद होई. मग शेवटची लोकल पकडून सगळे घरी जात. घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो 2014 मध्ये सुरू झाली. तोवर पूर्व उपनगरांतून अंधेरीची गिग गाठणे म्हणजे दादरला गाडी बदलणे किंवा बसने वाहतुकीत अडकणे.

2000 मध्ये साहिल मखिजा यांनी सुरू केलेला डेमॉनिक रिझरेक्शन हा बँड या काळाचा कणा होता. ‘डेमनस्टीलर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मखिजा यांनी स्वतःचा स्टुडिओ, स्वतःचे रेकॉर्ड लेबल आणि ‘रिझरेक्शन’ नावाच्या गिग अशी सगळी बाजू उभी केली. मोठ्या कंपन्या दारात उभे करत नसताना संगणकावर अल्बम मुद्रित करून तो गिगमध्येच विकता येतो, हे त्यांनी इतर बँडनाही दाखवले. ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ (2005) आणि ‘द रिटर्न टू डार्कनेस’ (2010) हे त्यांच्या मोठ्या वाद्यमेळी शैलीचे अल्बम. 2017 चा ‘दशावतार’ मात्र वेगळी उंची गाठतो. मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवतारावर एक गाणे अशी त्याची रचना आहे आणि घरात ऐकलेल्या कथा मेटलच्या प्रचंड आवाक्याशी नैसर्गिकपणे जुळतात.

2003 चा भयानक मौत हा बँड डेथ मेटलच्या वाटेने गेला. दोन गायकांच्या खर्जातल्या गुरगुरण्याने त्याचा 2009 चा अल्बम दणकट झाला, आणि 2014 च्या ‘मॅन’मध्ये केवळ वेगापेक्षा वातावरण उभे करण्याकडे बँड वळला. तोच त्याचा सर्वांत प्रौढ अल्बम म्हणता येईल. स्क्राइब या बँडने हार्डकोर आणि मेटल एकत्र आणताना मुंबईची बोली आणि हिंदी सिनेमा आपलासा केला. ‘मार्क ऑफ तेजा’ (2010) हे नाव ‘अंदाज अपना अपना’तून, तर ‘हेल मोगॅम्बो’ (2014) हे ‘मिस्टर इंडिया’तून आले. हा खोडकरपणा वादनातील काटेकोरपणाला कुठेही सैल करत नाही. सेप्टरचा ‘एज ऑफ कॅलॅमिटी’ (2013) स्त्रियांवरील अत्याचार हा विषय घेऊन उभा राहिला. अल्बॅट्रॉस या बँडने ‘डिनर इज यू’ (2010) पासून भयकथा सांगणारे जुन्या वळणाचे हेवी मेटल जपले, तर 2007 मध्ये सुरू झालेला गटस्लिट अतिवेगवान ब्रूटल डेथ मेटल घेऊन युरोपच्या दौऱ्यांवर गेला. गीतांची भाषा बहुतांशी इंग्रजी राहिली, पण विषय, नावे आणि विनोद इथलेच होते.

जगाशी थेट गाठ पडली ती 1 फेब्रुवारी 2008 रोजी. आयर्न मेडन या बँडने आपल्या जागतिक दौऱ्याची पहिली मैफल वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर केली. त्या दौऱ्यावरील ‘फ्लाइट 666’ (2009) या माहितीपटाची सुरुवात मुंबईतच होते. त्याचे दिग्दर्शक सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडन यांनी त्याआधी ‘ग्लोबल मेटल’ (2008) मध्ये मुंबईतील चाहत्यांची आणि बँडची दखल घेतली होती. 2010 मध्ये डेमॉनिक रिझरेक्शनला ब्रिटिश नियतकालिक ‘मेटल हॅमर’चा गोल्डन गॉड्स पुरस्कार जागतिक मेटल या विभागात मिळाला. पुढच्या वर्षी झिग्नेमा हा मुंबईचा बँड जर्मनीतील वाकेन महोत्सवात वाजला.

2010 च्या सुमारास अंधेरी पश्चिमेचे ‘बी69’ हा बार मेटलचे नवे घर झाला. पण बारची जागा भाड्यावर चालते आणि मेटलचा श्रोता खर्चाला बेताचा असतो. त्यामुळे अशा जागा फार टिकल्या नाहीत. उत्तर म्हणून ‘कंट्रोल ऑल्ट डिलीट’ ही गिगमालिका चाहत्यांच्या वर्गणीवर आणि ऐच्छिक प्रवेशमूल्यावर उभी राहिली. 2015 मध्ये भायखळ्याच्या रिचर्डसन अँड क्रूडास कारखान्यात झालेल्या ‘बिग69’ महोत्सवात कार्कससारखा नामांकित ब्रिटिश बँड आला. इंडिपेंडन्स रॉक 2022 मध्ये पुन्हा सुरू झाला, तोही उपनगरात नव्हे, माझगावच्या बंदर भागात.

या चार दशकांत मेटलला मुंबईत कायमचे घर मिळाले नाही. रंगभवन बंद झाले, रॅझ गेले, चित्रकूट मैदानावरचा महोत्सव थांबला. तरीही प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीपेक्षा अधिक स्वतंत्र संगीत केले. इतरांची गाणी हुबेहूब वाजवण्यापासून दशावतारांवर पूर्ण अल्बम रचण्यापर्यंतचे अंतर या मुलांनी कुठल्याही अनुदानाशिवाय, नोकरी सांभाळून, भाड्याच्या जॅम रूममध्ये कापले. मराठी संगीतेतिहासात नाट्यसंगीत, भावगीत आणि लोकसंगीत यांची नोंद प्रेमाने होते. उपनगरांतल्या या मुलांनी घडवलेले संगीतही याच शहराचे आहे आणि त्याच जिव्हाळ्याने त्याची नोंद व्हायला हवी.