घोड्यांसाठी बांधलेली वाट : कनाल द्यु मिदीची साडेतीन शतके

दक्षिण फ्रान्समध्ये द्राक्षमळ्यांतून जाणारी एक वाट आहे. तिच्यावर सायकलस्वाराला सुमारे ५४ किलोमीटर जवळपास सपाट जमीन लाभते. मोटारगाडी नाही, हॉर्न नाही. एका हाताला कालव्याचे हिरवट, संथ पाणी आणि दुसऱ्या हाताला वेलींच्या रांगा. ही वाट इतकी सपाट कशी, तिच्यावर सावली कोणी धरली आणि ती सावली आज का हरपत आहे, याचा हा इतिहास. (थ्रेड)

सतराव्या शतकात भूमध्य समुद्रावरून फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्याला माल न्यायचा, तर स्पेनला वळसा घालून जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून जावे लागे. सुमारे ३,००० किलोमीटरचा फेरा, वाटेत चाचे आणि वर स्पेनशी वैर. तुलूझपासून बोर्दोपर्यंत गारोन नदीतून होड्या चालत होत्याच. उरले होते ते तुलूझ ते भूमध्य समुद्र हे अंतर. तेथे कालवा खणावा, ही कल्पना पुष्कळांना सुचली होती. पण मधल्या उंचवट्यावर पाणी आणायचे कोठून, या प्रश्नापाशी ती प्रत्येक वेळी अडत असे.

हा प्रश्न सोडवणारा पिएर-पॉल रिके अभियंता नव्हता. तो बेझिए गावचा, मिठावरील कराचा मक्तेदार. लोकांच्या द्वेषाचा विषय असलेला हा कर वसूल करता करता तो गबर झाला होता आणि त्याच निमित्ताने त्याने सारा मुलूख पायांखाली घातला होता. १६६२ च्या नोव्हेंबरात त्याने चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर यास पत्र लिहून आपली योजना मांडली. १६६६ मध्ये राजाचा हुकूम निघाला.

योजनेचे मर्म डोंगरात होते. सुमारे १९० मीटर उंचीवरील नोरूझ ही खिंड म्हणजे दोन समुद्रांकडे वाहणाऱ्या पाण्याची विभागणी करणारी जागा. तिच्या ईशान्येला ‘काळा पर्वत’ नावाची अरण्याने झाकलेली रांग आहे. तिथले ओढे अडवून, चरांच्या वाटेने ते पाणी नोरूझपर्यंत आणायचे आणि तेथून दोन्ही उतारांना सोडायचे, असा बेत रिकेने केला. त्यासाठी सां-फेरेओल येथे १६६७ ते १६७२ या काळात सुमारे ६० लाख घनमीटर पाण्याचे धरण उभे राहिले. धरणाला पाणी आणणारे चर आजही रामोंदांच्या जंगलातून झुळझुळतात आणि त्यांच्या काठची अरुंद पायवाट आता चालणाऱ्यांच्या व सायकलवाल्यांच्या उपयोगी पडते. ऐन उन्हाळ्यात बीचच्या झाडांखालून जाणारी ती वाट मुख्य कालव्याइतकी प्रसिद्ध नाही, हे नवल आहे.

कामावर एका वेळी १२,००० पर्यंत माणसे होती. रिकेने महिन्याला १० लिव्र वेतन ठेवले आणि रविवार, सणवार, पावसाचे दिवस व आजारपण यांचेही पैसे दिले. त्या काळी ही गोष्ट अपूर्वच होती. मजुरांत बायका फार मोठ्या संख्येने होत्या. अभ्यासक चंद्रा मुकर्जी यांनी दाखवून दिले आहे की पिरेनीज पर्वतातून आलेल्या या बायका केवळ माती वाहत नव्हत्या. डोंगरउतारावर पाणी खेळवण्याचे पिढीजात ज्ञान त्यांच्यापाशी होते आणि कालव्याच्या आखणीत ते कामी आले. त्यांची नावे मात्र कोठे कोरलेली नाहीत. पुतळे रिकेचे आहेत.

आता त्या ५४ किलोमीटरविषयी. कालव्यात चढ-उतार ओलांडण्यासाठी लॉक बांधावे लागते. लॉक म्हणजे दोन दरवाजांमधला हौद. त्यात पाणी भरून किंवा सोडून होडी वर-खाली नेतात. संपूर्ण २४० किलोमीटरांत अशी साठहून अधिक ठिकाणे आहेत. सुरुवातीच्या एका लॉकची सरळ भिंत कोसळल्यावर रिकेने हौद लंबगोल बांधायला घेतले, कारण कमानीसारखी वळलेली भिंत बाहेरच्या मातीचा रेटा सहज पेलते. प्रत्येक लॉक म्हणजे खर्च, वेळ आणि पाण्याची तूट. म्हणून आर्झांपासून बेझिएजवळच्या फोंसेरानपर्यंत त्याने एकही लॉक न बांधता कालवा एकाच उंचीवर, टेकड्यांच्या कुशीतून वळणे घेत नेला. नकाशावर ही रेघ वेडीवाकडी दिसते. कापस्तां गावाच्या मनोऱ्याला ती अशी वळसा घालते की सायकलस्वाराला तोच मनोरा तीन वेगवेगळ्या दिशांना दिसतो. कालवा जेथे आडवा चालतो, तेथे काठची वाटही आडवीच चालते.

या टप्प्यात एकच जागा टेकडीने अडवली होती : मालपास. खडक ठिसूळ होता, विरोधक टपलेले होते आणि काम थांबवण्याचा आदेश आला होता. तेव्हा रिकेच्या माणसांनी गुपचूप आठवडाभरात बोगद्याला वाट फोडली, असे सांगतात. कथेत अतिशयोक्ती असेल. सुमारे १७० मीटरांचा १६७९ चा बोगदा मात्र अजून उभा आहे. सायकलची वाट तेथे टेकडीवरून जाते.

रिके १ ऑक्टोबर १६८० रोजी वारला. मे १६८१ मध्ये कालवा खुला झाला, तो त्याला पाहता आला नाही. एकूण खर्चाचा सुमारे पाचवा हिस्सा त्याने स्वतःच्या खिशातून घातला होता आणि त्याचे कर्ज फेडता फेडता वारसांना १७२४ साल उजाडले.

होड्यांना तेव्हा इंजिन नव्हते. काठावरून घोडे किंवा खेचरे दोराने पडाव ओढीत. म्हणून कालव्याला लागून वाट हवी. ती रुंद हवी, तीव्र चढाविना हवी, आणि दोर अडकू नये म्हणून पाण्याच्या बाजूने मोकळी हवी. जनावरे थकत म्हणून ठराविक अंतरावर तबेले आणि उतारूंसाठी खानावळी हव्या. तुलूझहून निघणारी टपालाची होडी नेग्रा येथे दुपारच्या जेवणाला थांबे. पुढे ल सोमाय येथे रात्रीचा मुक्काम असे. दोन्ही ठिकाणी प्रवाशांच्या प्रार्थनेसाठी छोटी चॅपेल होती. तो चार दिवसांचा प्रवास एकोणिसाव्या शतकात, वाटेत घोडे बदलत, दीड दिवसावर आला. आजच्या सायकलस्वाराला जे जे सुखाचे वाटते, ते बहुतेक घोड्याच्या सोयीसाठी केलेले आहे.

मे १७८७ मध्ये या वाटेने एक विलक्षण प्रवासी गेला : थॉमस जेफरसन, तेव्हा अमेरिकेचा फ्रान्समधील राजदूत. त्याने आपल्या बग्गीची चाके काढून ती होडीवर ठेवली आणि खिडक्यांच्या आत बसून वाचन-लेखन केले. कंटाळा आला की काठावर उतरून तो चालू लागे. दुतर्फा झाडी, सपाट वाट आणि नाइटिंगेल पक्ष्यांचे गाणे यांविषयी त्याने घरच्यांना व मित्रांना लिहिले. कास्तेलनोदारीहून घोड्यावर बसून तो पाण्याचा उगमही पाहून आला. वाहन बाजूला ठेवून या काठाने रमतगमत जाणाऱ्यांच्या परंपरेत त्याचे नाव आरंभीच घ्यावे लागेल.

जेफरसनने पाहिलेली झाडे मात्र आजची नव्हेत. आधी काठावर विलो, तुती आणि पॉपलर होते. चिनारच्या कुळातले प्लेन वृक्ष मुख्यतः १८३० नंतर लावले गेले. त्यांची मुळे काठाची माती घट्ट धरतात आणि सावलीमुळे पाण्याची वाफ कमी होते. अशी सुमारे ४२,००० झाडे वाढून कालव्यावर त्यांची कमान झाली.

झाडे वाढत होती आणि कालवा मात्र मरणपंथाला लागला. १८५७ मध्ये बोर्दो ते सेत रेल्वे पूर्ण झाली आणि पुढच्याच वर्षी सरकारने कालवा ४० वर्षांच्या भाड्याने दिला तो त्याच रेल्वे कंपनीला! कंपनीने कालव्यावरचा जकातदर वाढवून माल रुळांवर ओढून घेतला, यात आश्चर्य ते काय. १८९७ मध्ये सरकारने कालवा परत घेतला, पण उशीर झाला होता. इतर फ्रेंच कालव्यांची लॉक मोठ्या बोटींसाठी लांबवली गेली; येथली बहुतेक जुन्याच मापाची राहिली. एकोणीसशे ऐंशीच्या दशकापर्यंत मालवाहतूक संपली. जुनी वळणे, अरुंद पूल आणि काठची वाट वाचली ती या पराभवामुळे. धंदा तेजीत असता, तर ही सारी नक्कीच मोडून रुंद केली गेली असती.

काठचे द्राक्षमळे पाहून कोणालाही तेथे सदैव शांतता नांदत आली असेल, असे वाटते. रेल्वेने पॅरिसची बाजारपेठ उघडली तसे शेतकऱ्यांनी गहू सोडून सारी जमीन वेलींखाली आणली. मग फायलोक्सेरा किडीने मळे खाल्ले, पुन्हा लागवड झाली आणि साखर घालून केलेल्या बनावट वाइनच्या महापुरात भाव कोसळले. ११ मार्च १९०७ रोजी कालव्याकाठच्या आर्झेलिए गावातून मार्सेलां आल्बेर याच्यासह ८७ शेतकरी नारबोनला चालत निघाले. ९ जून रोजी मोंपेलिएच्या सभेत पाच लाखांहून अधिक माणसे जमली. नारबोनमध्ये सैन्याच्या गोळ्यांनी माणसे मेली. बेझिएतून आग्दला हलवलेल्या १७ व्या पलटणीने, जिच्यात त्याच मुलखातली पोरे होती, बंड केले. जूनअखेरीस बनावट वाइनविरुद्धचा कायदा झाला.

सायकली या काठावर उशिरा आल्या. १८९० मध्ये सायकलप्रेमींनी ‘तूरिंग क्लब द फ्रांस’ स्थापला तेव्हा सारे हमरस्तेच मोकळे होते. १९३६ मध्ये कामगारांना दोन आठवड्यांची पगारी सुट्टी मिळाली, तेव्हाही कुटुंबेच्या कुटुंबे जोडसायकलींवर बसून त्याच रस्त्यांनी समुद्राकडे निघाली. पुढे रस्ते मोटारींनी बळकावले आणि सायकलस्वाराला घोड्यांची ओस पडलेली वाट आठवली. २००४ मध्ये फ्रेंच वाहतूक नियमांत मोटारमुक्त ‘हरित मार्गा’ला कायदेशीर स्थान मिळाले. आज तुलूझपासून पोर-लोरागेपर्यंत सुमारे ५० किलोमीटर वाट डांबरी आहे. तेथे महामार्ग इतका जवळ आहे की गाड्यांची घरघर ऐकू येते. पुढे मात्र माती, खडी आणि वर आलेली मुळे.

त्या मुळांवरच घाव पडला आहे. २००६ मध्ये कार्कासोनजवळ प्लेन वृक्षांवर एक घातक बुरशी आढळली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून ती युरोपात आली, असे मानतात. ती पाण्यातून पसरते, करवतीच्या पात्यातून पसरते, मुळांना घासणाऱ्या होड्यांच्या बुडांतूनही पसरते. औषध नाही. लागण झालेले झाड आणि त्याचे शेजारी तोडून जागेवरच जाळावे लागतात. १९९६ मध्ये युनेस्कोने कालव्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तेव्हा जी कमान जगाने वाखाणली, तिची निम्म्याहून अधिक झाडे आता गेली आहेत.

त्यांच्या जागी मुख्यतः तुर्की ओक लावला जातो; जोडीला लिंडन, पॉपलर आणि इतर जाती, म्हणजे एकाच रोगाने पुन्हा सारी रांग जाऊ नये. होड्यांनी झाडांना दोर बांधू नये, असा नियम आहे. कार्कासोनच्या पूर्वेला कित्येक किलोमीटर वाट उघडी पडली आहे; रोपे काठीच्या आधाराने उभी आहेत, कोरड्या उन्हाळ्यात त्यांना पाणी घालावे लागते, आणि जुलैत तेथून जाणारे सायकलस्वार दुपार टळेपर्यंत गावातच थांबतात.